मडक्याचे बोधचिन्ह आणि ग्राहकाची जाणीव : भारतातील हरित विपणनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

वाणिज्य आणि व्यवस्थापन या विद्याशाखांमध्ये गेल्या दोन-तीन दशकांत ‘हरित विपणन’ आणि ‘शाश्वत उपभोग’ हे संशोधनाचे आवडते विषय ठरले आहेत. एम.फिल. व पीएच.डी.चे प्रबंध, चर्चासत्रांतील शोधनिबंध, लघुसंशोधन प्रकल्प अशा अनेक रूपांत हे लेखन झालेले दिसते. त्यातील बहुतेकांचा साचा मात्र एकच आहे. एखाद्या शहरातील ग्राहकांना प्रश्नावली दिली जाते. पर्यावरणस्नेही वस्तूंची त्यांना कितपत माहिती आहे, अशा वस्तूंसाठी चार पैसे जास्त मोजण्याची त्यांची तयारी आहे काय, हे पाच बिंदूंच्या मापनश्रेणीवर विचारले जाते. टक्केवारीची कोष्टके होतात आणि ग्राहकांमध्ये जाणीवजागृती करणे आवश्यक आहे, या शिफारशीने प्रबंध संपतो.

या साच्यामागे एक गृहीतक आहे. ग्राहकाला माहिती मिळाली की त्याची जाणीव वाढते, जाणीव वाढली की खरेदी बदलते आणि खरेदी बदलली की उत्पादन बदलते, असे ते गृहीतक होय. ते कोठून आले आणि प्रत्यक्ष व्यवहारात ते कितपत टिकले, हा प्रश्न इतिहासाचा आहे. त्यासाठी प्रस्तुत लेखात अमेरिकेतील आरंभीचे संशोधन, वर्ध्यातील ग्रामोद्योगाची चळवळ, जर्मनीचे पर्यावरणचिन्ह आणि भारताची ‘इकोमार्क’ योजना यांचा एकत्र विचार केला आहे. भारतीय शोधनिबंधांत यांपैकी दुसऱ्या अनुभवाचा उल्लेख सहसा आढळत नाही. आपल्याच प्रदेशातील हा दुवा का गळाला, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

अमेरिकेतील आरंभ

विपणनशास्त्रात पर्यावरणाचा प्रश्न 1970 च्या आसपास आला. रॅचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ 1962 मध्ये प्रसिद्ध झाले होते आणि पहिला वसुंधरा दिन 1970 मध्ये साजरा झाला. 1971 मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये हॅरोल्ड कॅसार्जियन यांचा वायुप्रदूषण आणि विपणन या विषयावरील निबंध आला. त्यापाठोपाठ अँडरसन आणि कनिंगहॅम यांनी 1972 मध्ये सामाजिक जाणीव असलेल्या ग्राहकाचा शोध घेतला, तर किनियर, टेलर आणि अहमद यांनी 1974 मध्ये पर्यावरणाविषयी आस्था असलेले ग्राहक नेमके कोण, असा प्रश्न विचारला. 1975 मध्ये अमेरिकन मार्केटिंग असोसिएशनने ‘पर्यावरणीय विपणन’ या विषयावर कार्यशाळा घेतली. तिच्यातून निर्माण झालेला ग्रंथ हेनियन आणि किनियर यांच्या संपादनाखाली 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या प्रबंधांतील प्रश्नावलीचे कूळ या पाच वर्षांत सापडते.

यांतील कॅसार्जियन यांच्या निबंधाकडे थोडे थांबून पाहणे उपयुक्त ठरेल. स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया या कंपनीने 1970 च्या आरंभी ‘एफ-310’ हे मिश्रक घातलेले पेट्रोल बाजारात आणले. मोटारीच्या धुराड्याला पारदर्शक फुगा बांधून आधीचा काळा धूर आणि नंतरचा स्वच्छ वायू दाखवणारी तिची जाहिरात गाजली. या पेट्रोलच्या ग्राहकांच्या अभ्यासातून, प्रदूषणाविषयीची काळजी हाच खरेदीशी जवळून निगडित असलेला घटक आहे, असा निष्कर्ष कॅसार्जियन यांनी काढला. त्याच जाहिरातीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. जाहिरात दिशाभूल करणारी असल्याचा आयोगाचा निष्कर्ष 1978 मध्ये न्यायालयानेही उचलून धरला. म्हणजे ग्राहकाची आस्था खरी होती, संशोधकाचे मापनही प्रामाणिक होते. फक्त ज्या वस्तूभोवती हे सारे घडले, तिच्याविषयीचा दावाच फसवा होता. हरित विपणनाच्या अभ्यासाच्या उंबरठ्यावरच ही घटना घडावी, हे लक्षणीय आहे. प्रश्नावली ग्राहकाची परीक्षा घेते. वस्तूची परीक्षा घेण्याचे साधन तिच्यापाशी नसते.

1987 चा ब्रुंटलंड अहवाल आणि 1988 मध्ये ब्रिटनमध्ये निघालेले एल्किंग्टन व हेल्स यांचे ‘द ग्रीन कन्झ्युमर गाइड’ यांनंतर या विषयाला दुसरी भरती आली. ओहोटीही लवकरच लागली. 2000 मध्ये ब्रिटनमधील एका अहवालाने ‘तीस आणि तीन’ हे सूत्र मांडले : नैतिक खरेदीची आस्था सांगणारे ग्राहक सुमारे 30 टक्के आणि अशा वस्तूंचा बाजारातील वाटा जेमतेम 3 टक्के. केन पीटी आणि अँड्र्यू क्रेन यांनी 2005 मध्ये मागील तीन दशकांचा हिशेब मांडला, तेव्हा ‘हरित’ या नावाखाली जे चालले त्यातील बरेचसे विपणनाच्या मूळ तत्त्वांनुसार विपणनही नव्हते, असे परखड मत त्यांनी नोंदवले. कॅनडातील टेराचॉइस या संस्थेने 2007 मध्ये 1018 वस्तूंवरील 1753 पर्यावरणविषयक दावे तपासले. एका वस्तूचा अपवाद वगळता बाकी सर्वांच्या दाव्यांत काही ना काही खोट आढळली.

वर्ध्याचा अनुभव

महाराष्ट्रात उपभोगाची जबाबदारी हा विचार जुना आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी 1872-73 च्या सुमारास पुण्यात स्वदेशी व्यापारावर व्याख्याने दिली. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी 1877 च्या दिल्ली दरबारास खादीच्या पोशाखात उपस्थित राहिले. या विचाराचा हेतू देशाची संपत्ती देशात राखणे हा होता. निसर्गाचा विचार त्यात नव्हता. तेव्हा त्याला ओढूनताणून पर्यावरणवादी ठरवणे योग्य होणार नाही.

वर्ध्याची गोष्ट वेगळी आहे. अखिल भारत चरखा संघ 1925 मध्ये स्थापन झाला आणि डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ. या दुसऱ्या संघाचे केंद्र वर्ध्यातील मगनवाडी हे होते. श्रीकृष्णदास जाजू त्याचे अध्यक्ष आणि जे. सी. कुमारप्पा चिटणीस होते. कुमारप्पा मूळचे तंजावरचे. लंडनमध्ये हिशेबशास्त्र शिकून त्यांनी मुंबईत व्यवसाय केला आणि नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केला. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, हातकागद यांचे प्रयोग मगनवाडीत झाले. रॉकेलऐवजी वनस्पतितेलावर जळणारा ‘मगनदीप’ तेथेच घडला. या दिव्यामागील विचार आजच्या भाषेत सहज सांगता येतो. निसर्गातील संपत्ती दोन प्रकारची आहे, असे कुमारप्पा मांडत. कोळसा व खनिज तेल ही साठ्याची संपत्ती, वापरली की संपणारी. तेलबिया व लाकूड ही प्रवाहाची संपत्ती, पुन्हा पुन्हा निर्माण होणारी. साठ्यावर उभी राहिलेली अर्थव्यवस्था त्या साठ्यासाठी भांडणे आणि युद्धे ओढवून घेते, असा त्यांचा निष्कर्ष होता. जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेला त्यांचा ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हा ग्रंथ 1945 मध्ये निघाला. ब्रुंटलंड अहवालाच्या बेचाळीस वर्षे आधी, ग्रंथाच्या नावातच शाश्वततेचा उच्चार झालेला होता.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कुमारप्पांच्या तत्त्वज्ञानाइतकीच या चळवळीची कार्यपद्धती महत्त्वाची आहे. कारण आज हरित विपणनापुढे असलेले तिन्ही प्रश्न तिच्यापुढे उभे राहिले होते.

पहिला प्रश्न अस्सलपणाचा. गिरणीचे जाडेभरडे कापड खादी म्हणून विकले जाऊ लागले, तेव्हा चरखा संघाने प्रमाणपत्राची पद्धत अवलंबली. ‘प्रमाणित खादी’ आणि ‘अप्रमाणित खादी’ हे शब्द घरोघरी पोचले. हाच प्रश्न पुढे इतका वाढला की 1950 मध्ये ‘खद्दर’ आणि ‘खादी’ या नावांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. खोट्या पर्यावरणीय दाव्यांसाठी रूढ झालेल्या ‘ग्रीनवॉशिंग’ या शब्दाचा जन्म 1986 चा मानला जातो. त्या व्याधीशी झुंजण्याचा अनुभव मात्र त्याआधी अर्धे शतक वर्ध्याच्या पदरी होता.

दुसरा प्रश्न किमतीचा. सूत कातणाऱ्या स्त्रियांना मिळणारी मजुरी अत्यल्प होती आणि खादी स्वस्त ठेवण्याचा बोजा त्यांच्यावरच पडत होता. 1935 मध्ये गांधीजींनी आठ तासांच्या कामाला आठ आणे मजुरी असावी, असा आग्रह धरला आणि चरखा संघाने निर्वाहमजुरीचे तत्त्व स्वीकारले. आठ आण्यांचे लक्ष्य दूरच राहिले. पण मजुरी वाढली, तशी खादीची किंमतही वाढली. वाढीव किंमत ग्राहकाने द्यावी, कारण ती कशासाठी आहे हे त्याला ठाऊक आहे, अशी या निर्णयाची भूमिका होती. हरित वस्तूंसाठी अधिक किंमत मोजण्याची तयारी आहे काय, हा आजच्या प्रश्नावलीतील प्रश्न तेव्हा दुकानाच्या फळीवर विचारला गेला होता.

तिसरा प्रश्न मागणीचा, आणि येथेच या अनुभवाचे मर्म आहे. खादीची मागणी एकेकट्या ग्राहकाच्या जाणिवेवर सोडलेली नव्हती. काँग्रेसच्या निवडून दिल्या जाणाऱ्या पदांसाठी 1934 च्या घटनेने खादी वापरण्याची अट घातली होती. आश्रम, राष्ट्रीय शाळा, खादी भांडारे, प्रदर्शने आणि फेरीविक्री करणारे कार्यकर्ते यांचे जाळे होते. 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय त्याच जाळ्याचा भाग होते. जाणीव होतीच, तिला संस्थेचा आधार होता.

या चळवळीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. देशातील एकूण कापडात खादीचा वाटा अल्पच राहिला. स्वातंत्र्यानंतर खादी व ग्रामोद्योग आयोग आला. मुंबईत मुख्यालय असलेला हा आयोग 1957 मध्ये कामाला लागला. त्यानंतर खादीची ओळख गांधी जयंतीच्या सुमारास मिळणाऱ्या सवलतीशी जोडली गेली. जिची किंमत ग्राहकाने समजून-उमजून जास्त द्यावी अशी अपेक्षा होती, ती खादी सूट जाहीर होण्याची वाट पाहून घेतली जाऊ लागली. याहून मूलभूत आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा होता. यंत्र नाकारणारी अर्थव्यवस्था कष्टकऱ्याला विश्रांती आणि संस्कृती यांपासून वंचित ठेवते, असे त्यांनी 1945 मध्ये गांधीवादाची चिकित्सा करताना मांडले. ज्याच्या वाट्याला पुरेसा उपभोग कधी आलाच नाही, त्याला उपभोगाच्या संयमाचा उपदेश कोणी करावा? शाश्वत उपभोगावरील शोधनिबंधांत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. 1992 च्या रिओ परिषदेत ‘अजेंडा 21’च्या चौथ्या प्रकरणात उपभोगाच्या रीती बदलण्याची चर्चा झाली, तेव्हाही श्रीमंत आणि गरीब राष्ट्रांतील वादाचे मूळ हेच होते.

निळा देवदूत आणि आरेची बाटली

सरकारपुरस्कृत पर्यावरणचिन्हांचा आरंभ जर्मनीने 1978 मध्ये ‘ब्लाउअर एंगेल’ म्हणजे ‘निळा देवदूत’ या चिन्हाने केला. पुन्हा रबर चढवलेले टायर, क्लोरोफ्लुरोकार्बन नसलेले फवारे आणि परत घेतल्या जाणाऱ्या बाटल्या या त्याच्या आरंभीच्या वस्तूंपैकी होत. येथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. 1949 मध्ये आरे दुग्ध वसाहत स्थापन झाल्यानंतर मुंबईकर काचेच्या बाटलीतून, वर पातळ पत्र्याचे टोपण असलेले दूध घेत होता आणि रिकामी बाटली केंद्रावर परत करत होता. युरोपात ज्या रीतीला सन्मानचिन्ह द्यावे लागले, ती येथे रोजच्या व्यवहाराचा भाग होती आणि तिला कोणी पर्यावरणस्नेही म्हणत नव्हते. पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि ही रीत मोडली. ग्राहकाची जाणीव कमी झाली म्हणून हे घडले नाही. वितरणाची व्यवस्था बदलली आणि तिच्यामागोमाग सवय बदलली. 2018 मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा दुधाच्या पिशवीवर 50 पैसे परतीची किंमत छापण्याची तरतूद तिच्यात होती. मोडलेली रीत अधिसूचनेने पुन्हा उभी करण्याचाच हा प्रयत्न म्हणता येईल.

जर्मनीच्या चिन्हाला यश मिळाले त्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक असे की, सरकारी आणि नगरपालिकांच्या खरेदीत या चिन्हाच्या निकषांचा उपयोग झाला. कागद घेणारी कचेरी हा मोठा ग्राहक असतो, आणि त्याच्या आस्थेचे मापन करावे लागत नाही; त्याला नियम पुरतो.

इकोमार्कची वाटचाल

भारत सरकारने फेब्रुवारी 1991 मध्ये ‘इकोमार्क’ योजना जाहीर केली. कॅनडा, जपान आणि उत्तर युरोपातील देशांनी अशी चिन्हे नुकतीच सुरू केली होती आणि युरोपीय समुदायाचे चिन्ह 1992 मध्ये यायचे होते. म्हणजे भारत या बाबतीत मागे नव्हता. मातीचे मडके हे बोधचिन्ह निवडले गेले. पुन्हा मिळणारे साधन, घातक कचरा नाही, घडवण्यास ऊर्जा थोडी, असा त्याचा अर्थ. याहून समर्पक चिन्ह सापडणे कठीण. साबण व अपमार्जके, कागद, रंग, वंगणतेल, वेष्टनसाहित्य, विद्युतघट, सौंदर्यप्रसाधने, कापड, चामडे अशा नित्याच्या वस्तूंसाठी निकष ठरले. निकषांची तांत्रिक बाजू केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि परवान्याचे काम भारतीय मानक ब्युरोकडे होते.

प्रत्यक्षात परवाने अगदी मोजक्या उत्पादकांनी घेतले आणि मडके दुकानांतून दिसलेच नाही. आजही एखाद्या वर्गात या चिन्हाचे चित्र दाखवले, तर ते ओळखणारे विद्यार्थी विरळाच. प्रबंधांतून या अपयशाचे कारण सामान्यतः ‘ग्राहकांमधील अनभिज्ञता’ असे दिले जाते. यात कार्यकारणाचा क्रम उलटा झालेला आहे. जे चिन्ह कोणत्याच वस्तूवर नाही, ते ग्राहकाला ठाऊक असणार कसे? उत्पादकाच्या बाजूने पाहिले तर चित्र स्पष्ट होते. योजना ऐच्छिक होती. पर्यावरणाच्या निकषांबरोबर वस्तूच्या गुणवत्तेचे भारतीय मानक पूर्ण करणे आवश्यक होते, म्हणजे तपासणीचा आणि शुल्काचा भार वाढत होता. त्याच्या मोबदल्यात ना करसवलत, ना शासकीय खरेदीची हमी. वर्ध्याच्या चळवळीने प्रमाणपत्रामागे ग्राहकांची संघटित फळी उभी केली होती. इकोमार्कच्या मागे राजपत्रातील अधिसूचनेखेरीज काहीच नव्हते.

ऊर्जेच्या तारांकनाशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने मे 2006 मध्ये विद्युत उपकरणांसाठी तारांकनाची योजना आणली, तीही आरंभी ऐच्छिकच. जानेवारी 2010 पासून दंववर्जित शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे, नळीदिवे आणि वितरण रोहित्रे यांसाठी ती सक्तीची झाली. आज दुकानात पाय ठेवणारा ग्राहक प्रथम तारे मोजतो. त्याची पर्यावरणाविषयीची आस्था इकोमार्कच्या काळापेक्षा वाढली आहे, असे यावरून सिद्ध होत नाही. तारा प्रत्येक उपकरणावर आहे आणि तिचा संबंध त्याच्या स्वतःच्या वीजबिलाशी आहे, एवढेच सिद्ध होते. एलईडी दिव्यांच्या बाबतीत तर एकत्रित शासकीय खरेदीने किंमतच पाडली. 2014 च्या आरंभी सुमारे 310 रुपयांना घेतला जाणारा दिवा 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला. अर्थात कार्यक्षमता वाढली की वापरही वाढतो, हा स्टॅन्ली जेव्हन्स यांनी 1865 मध्ये कोळशाच्या संदर्भात दिलेला इशारा येथेही लागू आहे. पाच तारांचे यंत्र दिवसभर चालवणारे घर शाश्वत उपभोगाचा नमुना ठरत नाही.

2024 हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे आहे. सप्टेंबरमध्ये 1991 च्या योजनेच्या जागी नवे इकोमार्क नियम अधिसूचित झाले आणि त्यांची अंमलबजावणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आली. ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पुराव्याशिवाय ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ असे मोघम शब्द वापरण्यावर त्यांनी बंधन घातले. एफ-310 च्या फुग्याला भारतात उत्तर मिळण्यास अशा रीतीने चोपन्न वर्षे लागली. नवे नियमही स्वेच्छेवरच आधारलेले आहेत, हे मात्र लक्षात घेतले पाहिजे.

खरेदीचा नियम

या पार्श्वभूमीवर ग्राहक या घटकाची व्याख्या संशोधनात अधिक व्यापक करावी लागेल. 1975 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे संघ बांधून, आधी याद्या घेऊन महिन्याच्या जिनसांचे सामुदायिक वितरण सुरू केले. तिचा हेतू रास्त भाव व शुद्ध माल हा होता. परंतु निवड करणारा ग्राहक एकटा असण्याची गरज नाही, हे तिने दाखवून दिले. या संघांच्या याद्या आणि हिशेब शाश्वत उपभोगाच्या अभ्यासकाने अद्याप पुरेसे वाचलेले नाहीत.

शिक्षणसंस्थांना तर साधन शोधण्यासाठी आवाराबाहेर जाण्याचेही कारण नाही. मूल्यांकनाच्या निमित्ताने महाविद्यालयांत हरित लेखापरीक्षण होते. त्यात झाडे मोजली जातात, दिवे मोजले जातात, गांडूळखताच्या खड्ड्याचे छायाचित्र जोडले जाते. उत्तरपत्रिकांचा कागद, प्रयोगशाळेतील रसायने, स्वच्छतागृहासाठीची अपमार्जके, रंगरंगोटी यांची खरेदी कोणत्या निकषावर झाली, हे मात्र त्यात क्वचितच येते. त्याचे उत्तर खरेदी समितीच्या इतिवृत्तांत, दरपत्रकांच्या तुलनात्मक तक्त्यांत आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षांचे पडून आहे. तीन दरपत्रके मागवायची आणि सर्वांत कमी दर मंजूर करायचा, हा तेथील नियम. प्राध्यापक आणि विद्यार्थी प्रश्नावलीत काहीही लिहोत, या नियमाच्या चौकटीत मडक्याचे चिन्ह असलेला कागद, तो थोडाही महाग असल्यास, पहिल्याच फेरीत बाद होतो. 1991 पासूनच्या या तक्त्यांचा अभ्यास एखाद्या विद्यापीठक्षेत्रापुरता जरी झाला, तरी इकोमार्क नेमका कोणत्या टेबलावर अडला, हे आकड्यांनिशी सांगता येईल.